डाग न पडणारा पडदा

मल्लम्मांनी तीन बोटं विभूतीत बुडवली आणि सुनेच्या कपाळावर ओढली. सून जर्मनीत होती, त्यामुळे बोटं ओढली गेली ती मॉनिटरच्या पडद्यावर. दिवाळीचा पाडवा होता. सणाच्या दिवशी घरच्या लक्ष्मीचं कपाळ रिकामं कसं ठेवायचं? पलीकडून शैलश्रीनंही हसत मान वाकवली. इथपर्यंत सगळं छान झालं. मग मल्लम्मांना वाटलं, रेघा जरा वाकड्या आल्या, आणि त्यांनी लुगड्याच्या पदरानं त्या खसाखसा पुसल्या. विभूती म्हणजे शेवटी राखच. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, नेमकी जिथं शैलश्री दिसायची तिथं, ओरखड्यांची पांढुरकी चकती कायमची उमटली.

महेशकुमार आईवर रागावला नाही. त्याला नवा मॉनिटर घ्यायला निमित्तच हवं होतं. कमलनगरच्या घरी बसून तो पुण्याच्या एका कंपनीसाठी पाण्याच्या पाइपलाइनची ड्रॉइंग करायचा आणि संध्याकाळी त्याच पडद्यावर गेम खेळायचा. लग्न झालेल्या माणसाला हे शोभत नाही असं मल्लम्मांचं मत होतं, पण बायको जवळ नसलेल्या माणसाला निदान एवढं तरी असू द्यावं, असंही त्यांचंच मत होतं.

शैलश्री कंपनीच्या कामासाठी एक वर्षाकरता गेली होती. तिकडं सकाळ झाली, म्हणजे इकडं दुपारची जेवणं उरकली, की ती व्हिडिओ कॉल लावायची आणि मग तो दिवसभर चालूच राहायचा. बोलणं फारसं नसे. ती तिचं काम करी, हा ह्याचं. तिच्या कपाचा आवाज यायचा, मध्येच ती खोकायची. मल्लम्मा शेजारी शेंगा निवडत बसायच्या आणि जेवलीस का म्हणून विचारायच्या. तिकडं नाश्त्याची वेळ आहे हे त्यांना हजारदा सांगून झालं होतं. एकच अडचण होती. मॉनिटर लहान पडायचा. शैलश्रीची खिडकी ड्रॉइंगवर यायची, आणि पाइप तिच्या खांद्याखालून जायला लागला की महेशकुमारला तिला उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवावं लागायचं. ते त्याला बरं वाटायचं नाही.

म्हणून आता रुंदच रुंद पडदा घ्यायचा होता. डावीकडं ड्रॉइंग, मधे हिशेबाचे तक्ते, आणि उजवीकडं शैलश्रीची हक्काची जागा.

ती वैशाखात, बसवजयंतीला परत येणार होती. म्हणजे तसं ठरलं होतं. दसऱ्याच्या सुमारास तिनं सांगितलं होतं की कंपनी आणखी दोन वर्षं राहा म्हणतेय, डिसेंबरात कळवायचंय, बघू. महेशकुमारनंही बघू म्हटलं होतं आणि त्यानंतर एकदाही विषय काढला नव्हता. तुम्हीच इकडं या, असं ती सुरुवातीला म्हणायची. पण मल्लम्मा जवळच भालकीला लेकीकडं गेल्या तरी चौथ्या दिवशी परत यायच्या, त्या जर्मनीला कुठल्या जाणार? आणि त्यांना एकटं टाकून हा तरी कसा जाणार? विचारलं की उत्तर येतं, त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

पाडव्यानंतरच्या सोमवारी सकाळी तो मोटारसायकल काढून उदगीरला गेला. तिथं अनिलकुमारचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दोघं एका वर्गात शिकलेले, आता रात्री ऑनलाइन एका टोळीत खेळणारे. अनिलकुमारनं दोन रुंद पडदे शेजारी शेजारी मांडले आणि दोन्हींवर गेममधलं तेच रात्रीचं जंगल लावलं. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच होती. एक ओएलईडी, एक मिनी-एलईडी. मिनी-एलईडीवर उजेड झकास होता, भर उन्हातही दिसेल असा. फक्त अंधारात कंदिलाभोवती जरासं धुकं पसरायचं. ओएलईडीवर मात्र अंधार म्हणजे अंधार. त्याचा प्रत्येक ठिपका आपापला विझतो, असं अनिलकुमारनं सांगितलं. महेशकुमार त्या काळ्याकडं बघतच राहिला. अमावस्येला मळ्यात झोपल्यावर दिसायचं तसं आभाळ त्यात होतं. त्याचा जीवच जडला.

अनिलकुमारनं मग धंद्याचा प्रश्न विचारला. पडद्यावर एकाच जागी दिवसभर काय असतं? कारण ओएलईडीवर एकच चित्र फार काळ एका जागी राहिलं, तर त्याची सावली तिथं कायमची बसते.

"एक खिडकी असते," महेशकुमार म्हणाला. "उजव्या अंगाला."

"कशाची?"

"शैलश्रीची."

एरवी एवढ्यावर अनिलकुमारनं त्याची पार सालटी काढली असती. आज त्यानं नुसती मान हलवली.

"वैनी बसवजयंतीला यायल्यात न्हवं? मग डोळे झाकून ओएलईडी ने. पाच-सा महिन्यात काय होत न्हाई. वर्सानुवर्सं तिथंच ठेवायची असंल, तर मात्र मिनी-एलईडी."

हे ऐकून महेशकुमारला एवढं हलकं वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. ओएलईडी घ्यायचा म्हणजे ती येणार, असं काहीसं त्याच्या डोक्यात बसलं. पक्कं, ओएलईडीच, उद्या टेम्पोनं पाठव, असं सांगून तो निघाला आणि वाटेत थांबून अव्वासाठी, म्हणजे आईसाठी, भजी बांधून घेतली.

दुपारी शैलश्रीचा कॉल आला. तिच्या मागच्या काचेवर पाऊस होता. महेशकुमारनं तिला सगळं सांगितलं, ते जंगल, तो अंधार, कंदिलाभोवतीचं धुकं. ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. तो इतकं सलग बोलल्याला फार दिवस झाले होते.

"पन त्याच्यावर डाग पडतो म्हनं ना?" तिनं विचारलं. "एका जागी काही लई दिस ठेवलं तर?"

"त्याला वर्सं लागतात. तू तर बसवजयंतीला यायलीस."

शैलश्रीनं कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ओरखड्यांच्या चकतीआड तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "मिनी-एलईडीच घ्या."

महेशकुमारला तिचा राग आला आणि त्याच वेळी उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही करता येण्यासारखं नव्हतं. राहायचं कधी ठरवलंस, एवढं तरी विचारावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं डोळा पुसलेला त्याला दिसला, आणि त्यानं नुसतं बरं म्हटलं.

"काय म्हनायली रे ती?" शेजारी शेंगा निवडत बसलेल्या मल्लम्मांनी विचारलं.

"म्हनायली, दुपारच्या उजेडात अव्वाला नीट दिसंल असा घ्या."

"शानी हाय पोरगी," मल्लम्मा म्हणाल्या. त्यांनी पाट पडद्याजवळ ओढला, भज्याचा पुडा उघडून सुनेला दाखवला आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

महेशकुमार बाहेर ओट्यावर आला आणि त्यानं अनिलकुमारला फोन लावला. ओएलईडी राहू दे, मिनी-एलईडी पाठव, म्हणाला. अनिलकुमारनं पाठवायचं खोकं बांधूनसुद्धा ठेवलं होतं.

"कामून रे? सकाळी तर त्या काळ्यावरनं नजर हटंना तुझी."

"टिकनारा पायजे," महेशकुमार म्हणाला.

पलीकडून खोक्याची पट्टी टर्रकन फाडल्याचा आवाज आला.

"टेम्पोनं न्हाई पाठवत," अनिलकुमार म्हणाला. "उद्या मीच घेऊन येतो. जेवायलाच येतो. अव्वाला सांग."