चिरंजीवांनी निवडलेलं कार्ड

गेल्या वर्षी आमच्या सायकल क्लबाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या की मी कॅमेरा मुद्दाम बंद पाडला. माझ्या तोंडावर नाही म्हणाल्या, तेवढी धमक कुठली! ज्या मैत्रिणीपाशी म्हणाल्या तिने मला सांगितलं, आणि मी चहाचा कप टेबलावर असा आपटला की त्याचा कान तुटला. कपाचा. अध्यक्षबाईंचे अजून शाबूत आहेत.

झालं होतं असं. दर वर्षी तळ्याभोवती क्लबाची शर्यत असते. मी पोटापाण्यासाठी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, पण त्या दिवशी माझं काम वेगळं. शेवटच्या पांढऱ्या रेषेच्या टोकाला उंच स्टूल टाकून बसायचं, आणि सायकली आल्या की बटण दाबून धरायचं. दोघं अगदी बरोबरीने आले तर पुढे कोण होतं ते माझ्या फोटोत बघून ठरतं.

गेल्या वर्षी आले ना दोघं बरोबरीने! एक आमचे चिरंजीव, आणि दुसरे कोपऱ्यावरचे बेकरीवाले भाऊ. हा माणूस पहाटे भट्टी पेटवतो, पाव काढतो, आणि मग सायकल मारतो. कित्येक वर्षं दुसरा येतोय बिचारा, पण कधी तोंड वाकडं केलं नाही. तर दोघं वळणावरून सुटले, खांद्याला खांदा लावून. मी बटण दाबलं. कॅमेरा तड-तड-तड-तड वाजला आणि गप्प झाला. नुसता लाल दिवा लुकलुकतोय. माझ्या नाकासमोरून दोघं रेषा पार करून गेले, आणि मी बटण दाबतेय, दाबतेय, पण कॅमेरा ढिम्म! तो जागा झाला तेव्हा समोरून एक कुत्रं रेषा ओलांडत होतं. त्याचा फोटो मात्र झकास आला.

मग काय, पहिला नंबर दोघांत वाटून दिला. चषक सहा महिने आमच्या कपाटात, सहा महिने बेकरीत. बेकरीवाल्या भाऊंना त्याचाही केवढा आनंद! चिरंजीव मात्र महिनाभर धुमसत होते. आणि तेवढ्यात अध्यक्षबाईंचं ते बोलणं कानावर आलं. म्हणे, मुलगा मागे पडत होता म्हणून आईने कॅमेरा थांबवला. अख्ख्या गावाचे डोळे मी तपासते, आणि माझ्याच नजरेवर यांचा विश्वास नाही! चोरी न करता चोर ठरणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. वर्षभर क्लबात मी कुणाशी धड बोलले नाही.

त्यामुळे यंदा शर्यत जवळ आली तशी चिरंजीवांनी विषय काढला.

"आई, यंदा पुरावा पाहिजे. जिंकलो तर निर्विवाद जिंकलो पाहिजे. तुझ्या त्या कॅमेऱ्याचं काय ते बघ."

"कॅमेऱ्याला काय धाड भरलीय? चांगला आहे कॅमेरा."

"मग अडला का?"

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, कारण कॅमेऱ्यातलं कार्ड ह्यांनी आणलं होतं. आमच्या ह्यांना दोन गोष्टींचा भारी मोह. एक मोठा आकडा आणि दुसरी सूट. मोठ्या आकड्यावर सूट दिसली की संपलंच. "हजारो फोटो मावतील यात, जन्मात पुसायला नको," असं म्हणत ऐटीत आणलं होतं ते कार्ड.

"माझ्याकडे काय बघतेस? मावतात की हजारो!" हे म्हणाले.

"मावतात हो. पण आत कधी जातात?"

शेवटी आम्ही तिघंही कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. एका वेळी चार माणसं शिरली की पाचव्याने दारात उभं राहायचं, असं ते दुकान. भिंतीवर खिळ्यांना कार्डांची पाकिटं लटकवलेली. दुकानदार गोलमटोल, बोलघेवडा, चष्मा कायम कपाळावर. तो चष्मा मीच दिलेला आहे, आणि तो डोळ्यांवर लावायचा असतो हे दर वर्षी सांगतेही.

त्याने आमचं जुनं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि हसायला लागला.

"ताई, हे घर मोठं आहे, पण दार खिडकीएवढं. फोटो काढला की कॅमेरा तो आधी स्वतःच्या हातात धरतो, मग कार्डात नेऊन ठेवतो. तुम्ही एका दमात पन्नास काढले तर हात भरतात त्याचे. कार्ड भराभर आत घेत नसेल, तर तो थांबणार नाही तर काय करणार?"

"पण यावर वेग केवढा मोठा छापलाय!" हे म्हणाले.

"तो वाचायचा वेग, साहेब. म्हणजे घरी गेल्यावर कार्डातून फोटो बाहेर काढायचा. लिहायचा वेग वेगळा, आणि तो कमी असला की कुणी ठळक छापत नाही. हे बघा, इथे कोपऱ्यात बारीक व्ही आणि पुढे तीस, साठ, नव्वद असं असतं. निदान एवढ्या वेगाने लिहीनच, असा तो कार्डाचा शब्द."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघायला लागले.

दुकानदार म्हणाला, बोलून काय उपयोग, लावूनच बघा. त्याने माझ्या कॅमेऱ्यात आधी आमचं जुनं कार्ड घातलं आणि ह्यांना काउंटरपलीकडे उभं केलं. मी बटण दाबलं. तड-तड-तड, आणि गप्प. लाल दिवा लुकलुकत बसला. मग त्याने व्ही साठवालं कार्ड घातलं आणि मी परत बटण दाबून धरलं. नेमक्या त्याच वेळी चिरंजीवांनी विचारलं, "केवढ्याला आहे हो हे?" आणि दुकानदाराने किंमत सांगितली.

कॅमेरा थांबला नाही. आमच्या ह्यांचं हसू कसं कसं मावळलं, भुवया कुठवर चढल्या, जबडा कधी खाली आला, सगळं ओळीने टिपलं गेलं. आम्ही ते पडद्यावर पुढे-मागे करून बघितलं आणि तिघंही पोट धरून हसलो. तिघं म्हणजे मी, मुलगा आणि दुकानदार.

"नव्वदवालं नाही का?" चिरंजीवांना आता चेव चढला होता.

"आहे की. पण तुमच्या कॅमेऱ्याला ते झेपणार नाही, पैसे वाया जातील. त्यापेक्षा हीच दोन घ्या. सगळे फोटो एकाच कार्डात ठेवले आणि तेच रुसलं, तर बोंबलत बसाल."

ह्यांनी जरा घासाघीस करून बघितली. चिरंजीवांनी मात्र दोन्ही पाकिटं उचलून खिशात टाकली आणि म्हणाले, "आई, आता बघतोच कोण काय बोलतं ते."

शर्यतीच्या दिवशी मी दोन्ही कार्डं तीनदा तपासून घेतली. खोटं कशाला बोलू? मुलगा जिंकावा असं वाटत होतंच. कुठल्या आईला नाही वाटणार? पण त्याहून जास्त वाटत होतं की माझ्यावरचा डाग एकदाचा पुसला जावा. अध्यक्षबाई मुद्दाम माझ्या स्टुलाशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काय हो, यंदा चालणार ना कॅमेरा?"

"चालेल हो. तुमच्या तोंडाइतका नाही, पण चालेल," मी म्हटलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

शेवटच्या फेरीला वळणावरून परत तेच दोघं सुटले. चिरंजीव माझ्या बाजूला, बेकरीवाले भाऊ पलीकडे. लोक ओरडतायत, कुणी पातेलं बडवतंय. मी डोळा लावला आणि बटण दाबलं. तड-तड-तड-तड! दोघं जवळ आले तरी चालूच, रेषेवर आले तरी चालूच, पलीकडे गेले तरी चालूच. मी बोट उचललं तेव्हाच तो थांबला. असा आनंद झाला मला, की स्टुलावरून पडणारच होते.

तोवर लोकांनी निकाल लावून टाकला होता. चिरंजीव शेवटपर्यंत पुढेच दिसत होते, त्यामुळे पोरांनी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. आमचे हे तर नाचायलाच लागले. मी कौतुकाने मान खाली घालून पडद्यावर फोटो बघायला लागले.

रेषेवर बेकरीवाल्या भाऊंचं चाक होतं. चिरंजीवांचं चाक दोन बोटं मागे.

मी फोटो मोठा करून बघितला. दोन बोटंच. पण स्पष्ट, लख्ख, शंकेला जागाच नाही. मेलं ते फास्ट कार्ड! काय नडलं होतं एवढं चांगलं घ्यायचं? जुनं असतं तर अडलं असतं, परत कुत्र्याचा फोटो आला असता आणि पोरगा खांद्यावरच राहिला असता. अंगठ्याखाली फोटो पुसायचं बटण होतं. दुसऱ्या कुणी बघितलाही नव्हता. मी त्या बटणाकडे बघितलं, हे कबूल करते. मग समोर बघितलं, तर अध्यक्षबाई माझ्याकडेच बघत होत्या, आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की मी स्टुलावर उभी राहून ओरडले, "त्याला खाली उतरवा!"

चिरंजीवांनी खांद्यावरूनच विचारलं,

"का गं आई?"

"उतर म्हणते ना! बेकरीवाले भाऊ जिंकलेत."

चिरंजीव आले आणि कॅमेरा माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. मागचा फोटो बघितला, पुढचा बघितला, परत मागचा बघितला. मला वाटलं आता भांडतो. पण तो कॅमेरा माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाला, "काका जिंकले," आणि नळाकडे जाऊन डोक्यावर पाणी घेत राहिला.

बेकरीवाले भाऊ मला म्हणतात कसे, "वहिनी, नीट बघा हो, काहीतरी चुकत असेल." त्यांना फोटो दाखवला तेव्हा ते रस्त्यातच मांडी घालून बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. अध्यक्षबाईंनी फोटो तीनदा बघितला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "चुकलं हो माझं." माझं लक्ष नळापाशी होतं. त्या क्षणी मला त्यांच्या चुकीचं काही पडलेलंच नव्हतं.

घरी आल्यावर चिरंजीव जेवले नाहीत. मी दोनदा हाक मारली, तर आतून "भूक नाही" एवढंच आलं. ह्यांनी मला खुणेने सांगितलं, राहू दे. थोड्या वेळाने तोच बाहेर आला, कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि संगणकाला लावलं.

"शेवटपर्यंत मी पुढे होतो. मग मागे कसा पडलो, ते बघायचंय," म्हणाला.

आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. तो एकेक फोटो पुढे सरकवत होता. वळणावर हा पुढे. झाडापाशी हा पुढे, चांगलं अर्धं चाक. त्यापुढच्या फोटोतही पुढेच. आणि मग एका फोटोत ह्याची मान जराशी वळलेली. पुढच्यात जास्त वळलेली. त्याच्या पुढच्यात तर ह्याने मान पुरती माझ्याकडे फिरवलीय, पाय थांबलेत, आणि बत्तिशी दाखवून हसतोय! शेजारी बेकरीवाले भाऊ दात-ओठ खाऊन पुढे सरकतायत. ह्याला पत्ताच नाही.

"अरे गाढवा!" मी किंचाळलेच. "रेषा समोर, आणि तू माझ्याकडे बघत बसलास? फोटो काढून घ्यायला आला होतास का तिथे?"

तो खाली मान घालून कान खाजवत बसला.

"बोल ना! काय झालं होतं तुला?"

"अगं, ऐकू आलं मला."

"काय ऐकू आलं?"

"तुझा कॅमेरा. गेल्या वर्षी इथेच बंद पडला होता ना? यंदा तड-तड-तड चालूच होता. मला इतकं बरं वाटलं... म्हटलं, चला, आता आईला कुणी काही बोलणार नाही. म्हणून बघितलं तुझ्याकडे."

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला शब्द सापडत नाही असं आमच्या संसारात पहिल्यांदाच घडलं, आणि ते बघायला हे हजर होते. मग मी उठले, त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि तिथेच त्याच्या डोक्याला डोकं लावून रडले. "म्हणून काय शर्यत सोडायची, मूर्खा?" असं काहीतरी म्हणत होते. तो म्हणाला, "सोडली कुठे, दोन बोटं तर गेली," आणि उठून जेवायला बसला. दोघांचं जेवला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाले भाऊ गरम पाव घेऊन आले. त्यांना तो रेषेवरचा फोटो मोठा करून दुकानात लावायचा होता. मी पडद्यावर काढून दाखवला. आदल्या दिवशी सगळ्यांनी नुसती चाकंच बघितली होती. त्यांनी वाकून निरखून बघितलं आणि चेहरा जरा पडला. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, दाढ काढताना असावं तसं. आणि शेजारी आमचा, उन्हात दात चमकवत, आनंदाने नुसता फुललेला.

"वहिनी, पंचाईत आहे हो," ते म्हणाले. "हा फोटो बघून लोकांना वाटेल, हाच जिंकला."

"वाटू द्या," मी म्हटलं. "मला कालपासून तसंच वाटतंय."