बारा वाजताची गाडी

वॉर्डात गेलेली ताटं जशीच्या तशी स्वयंपाकघरात परत येत. यावर उपाय शोधायला नेमलेल्या समितीने नवी ताटं पसंत केली. चार खणांची, फिकट पिवळी, झाकणावर फूल. ते फूल बघूनच मेट्रनबाईंना मळमळलं.

त्यांची धाकटी नणंद त्याच वॉर्डात पडून होती. पायाची जखम चिघळलेली. अंगात थोडी ताकद आल्याशिवाय सर्जन सुरी लावायला तयार नव्हते, आणि तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"दुखणं कळायच्या आधीच औषध ठरलं म्हणायचं," मेट्रनबाई बैठकीत हळूच म्हणाल्या. "माणसं का जेवत नाहीत, हे विचारलं का कुणी?"

"अहो बाई, रंगाने भूक लागते," अधीक्षक म्हणाले. "तुमची सही तेवढी राहिलीय."

सही न करताच त्या नणंदेच्या उशाशी जाऊन बसल्या. बाराला जेवणाची गाडी आली, आणि तिला खेटूनच ड्रेसिंगची. शेजारच्या खाटेवर पट्टी सुटली. पिवळट, ओली, कातडीला चिकटलेली. ती बादलीत पडली आणि त्या वासात भाताची वाफ मिसळली. दोन माश्या बादलीवरून उठल्या नि थेट ताटावर बसल्या.

"जेव की गं, वहिनी," नणंद तोंडावर पदर धरून म्हणाली. "माझंच ताट घे. पाहुणचार समज."

मेट्रनबाईंनी ताट बाजूला सारलं. वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. अधीक्षकांची फेरी सकाळी दहाला, आणि साहेबांना वास सोसत नाही म्हणून ड्रेसिंग दुपारवर ढकललेलं. मेट्रनबाईंनीही तेव्हा मान डोलावली होती. बाराला त्या स्वतः दार लावून आपला डबा खात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला बाराच्या ठोक्याला वॉर्डातच बोलावलं. नव्या ताटांत जेवण वाढलं. शेजारी पट्ट्या सुटत होत्या.

"घ्या साहेब, एक घास."

अधीक्षकांनी नाकाला रुमाल लावला. "इथे सुवासिक फवारा बसवू," ते रुमालातून म्हणाले. "योजनेत घाला."

मेट्रनबाईंना आता त्या बादलीपेक्षा त्या रुमालाचीच जास्त शिसारी आली. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

"ड्रेसिंग उद्यापासून सकाळी दहाला. तुमची फेरी कधी ठेवायची, ते तुम्ही बघा."

"आणि ही ताटं?"

"जुनी काय वाईट आहेत? सही मी करणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाराला एकच गाडी आली. नणंदेने झाकण उचललं, वास घेतला, एक घास खाल्ला आणि नाक मुरडलं.

"वहिनी, भात करपलाय गं. शी."

आणि बोलता बोलता तिने दुसरा घास उचलला.