मस्कतचं बारसं

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि पाठीत धपाटेही तिनेच खायचे. यात वाटेकरी चालणार नाही, असं तृप्तीने दादाला बजावून ठेवलं होतं. आता दादा मस्कतला, त्याची लेक पाळण्यात, आणि आत्याबाई गंगापूर रोडवर हर्षलच्या सायबर कॅफेत! तिकडे बायका जमलेल्या, मुहूर्त टळत चाललेला. इकडे पडद्याचं एकच पालुपद: व्हिडिओसाठी नवा प्लग-इन टाका.

पुढच्या कॉम्प्युटरवर विंडोज अठ्ठ्याण्णव. तो म्हातारा नव्या प्लग-इनला उभाच करेना. शेजारच्या एक्सपीवर तो गुमान बसला. तृप्तीने ओढणी नीट केली, घसा खाकरला, तोवर हर्षलने सवयीने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकांनी नको ते भरू नये म्हणून त्यानेच कुलूप घातलं होतं. बंद-चालू केलं की नवं टाकलेलं सगळं पुसलं जायचं. स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय!

पुन्हा डाऊनलोड लावलं, तर नेट गोगलगाय. कोपऱ्यातल्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला तीच फाइल चालेना, त्याची वेगळी. हर्षलने तीही लावली आणि नशिबाने तीच आधी उतरली.

चित्र आलं! एवढीशी मूठ, गुलाबी टोपडं. तृप्तीने माइकमध्ये "दादा, दादा" केलं. दादा नुसता कानाला हात लावून दाखवत होता. आवाज जातच नव्हता. तेवढ्यात वहिनीची मैत्रीण पाळण्यावर वाकली. आत्याच्या जागी कोणीतरी तिला पुढे केलं असणार.

तृप्ती उठली ती थेट गल्ल्यावरच्या आयएसडी फोनकडे. दादाचा नंबर लावून वायर ताणत कोपऱ्यातल्या पडद्यापर्यंत आली. दादाने मोबाइल घेतला, मैत्रिणीला बाजूला केलं आणि तो लेकीच्या कानाशी धरला.

"मुक्ता," तृप्ती म्हणाली. "मुक्ता गं. मी आत्या."

पडद्यावर काहीच हललं नाही. चित्र आवाजाच्या मागून येतं, हे तिला कुठे ठाऊक! आवाज पोचलाच नाही, असं समजून तिचे डोळे भरले.

मग पोरीने हळूच मान वळवली, फोनच्या बाजूला. बायकांनी कुर्रर्र केलं, आणि आत्याचे धपाटे तिकडे दादाच्या पाठीत बसले.