थोरलीची फाइल

धाकट्या सुनेचा रिपोर्ट घरात सगळ्यांनी वाचला, फक्त तिनंच वाचला नाही. कपड्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. शर्टाची एक टीप वाकडी गेली तरी शर्ट परत पाठवायची. पण स्वतःच्या तपासणीचा कागद नवऱ्याकडून सासूबाईंकडे गेला आणि चहा संपायच्या आत निकालही लागला. गर्भपिशवी काढून टाकायची, येत्या गुरुवारी!

"दोन लेकरं झाली, आता ती ठेवून काय करायचंय?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा काही दुष्ट नव्हता. 'पेशींमध्ये बदल' एवढं वाचूनच त्याच्या पायाखालची वाळू सरकली होती. "नसती जोखीम नको," हेच तो घोकत राहिला. बायकोला काय वाटतं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

धीर द्यायला थोरली जाऊ दवाखान्यात सोबत आली. सहा वर्षांपूर्वी, बत्तिसाव्या वर्षी, तिची पिशवी काढली होती. डॉक्टरांनी काही विचारलंच तर असावी, म्हणून जुनी फाइलही तिनं काखोटीला मारली होती. "मी बघ, आहे ना धडधाकट," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला आणि नवऱ्याला बाजूला ठेवून धाकटीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

धाकटीनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नका बघू. हा कॅन्सर नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशींत हलका बदल झालाय. बहुतेक वेळा तो आपोआप जातो, म्हणून ठरलेल्या तारखेला पुन्हा तपासायचं. बदल वाढलाच तर बहुधा तेवढाच भाग काढून भागतं. पण तारीख चुकवायची नाही, चुकवली तर थांबणंच महागात पडेल. आणि थांबून जीव टांगणीला लागणार असेल, तर तेही मोकळेपणानं सांगा."

"मग माझं काय होतं?" थोरलीनं फाइल पुढे सरकवली.

डॉक्टरबाईंनी एकेक पान उलटलं. "इथेही हलका बदलच लिहिलाय. खाली 'सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे.' दुसरं काही कारण असेलही, पण या कागदांत तरी मला दिसत नाही."

थोरलीनं फाइल परत ओढून घेतली. "मला अजून एक मूल हवं होतं," ती म्हणाली. सहा वर्षांत हे तिनं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. "सगळे म्हणाले, वाचलीस. मीही सगळ्यांचे उपकार मानत राहिले."

"वहिनी, सही कुणी केली होती?" धाकटीच्या नवऱ्यानं कसंबसं विचारलं.

"मीच. तुमच्या भावानं बोट ठेवलं, तिथं."

गुरुवारच्या ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म त्याच्याच हातात होता. तोही भरून तयार, फक्त सहीची जागा रिकामी. फॉर्म उलटा ठेवून त्यानं रिपोर्ट बायकोच्या हाती दिला. "चुकलं माझं. तू सांग."

धाकटीनं तो पहिल्यांदाच वाचला, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाली, "मी थांबेन. पुढच्या तपासणीची तारीख आत्ताच द्या, रजा टाकून ठेवते."

वाचकहो, ऑपरेशन वाईट नाही; गरज असते तेव्हा ते जीव वाचवतं. पण अंग जिचं, निर्णयही तिचाच. असा कागद घरी आला तर आधी तिच्या हाती द्या, सोबत डॉक्टरांकडे जा, आणि ती बोलेपर्यंत गप्प बसा. थोरलीसाठी तेवढंही कुणी केलं नव्हतं.