त्याच पायात दुसरी कडी

मी एक जुनी पक्कड आहे. मित्रांनो, खिळे उपटणाऱ्या पकडींशी माझे दूरचे नाते आहे, पण माझ्या जबड्यात दोन गोल खाचा आहेत. त्या खाचांनी मी आयुष्यभर एकच काम केले. पक्ष्यांच्या पायात आकडे कोरलेल्या कड्या घातल्या.

झाग्रेब शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. खाचा घासताना तो माझ्या तोंडात गवताची ओली काडी धरून पाही. काडी चिरडली, की पुन्हा कानस घेई. पायाला इजा होता कामा नये, एवढे एकच शिक्षण मला मिळाले.

मला विकत घेतले यागोदाने. ती स्प्लिट शहरातल्या, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नुकतीच लागली होती आणि अबोल होती. तिने मला एड्रियाटिक समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेले. तिथे खडकांच्या कपारींत काउकाल नावाचे समुद्रपक्षी घरटी करत. काउकाल वर्षाला एकच अंडे घालतो, पण तीस तीस वर्षे जगतो. दर वसंतात यागोदा पालथी पडून कपारीत हात घाली, अंड्यावर बसलेला पक्षी अलगद बाहेर काढी आणि मी त्याच्या पायात कडी मिटवी. आधीच कडी असेल तर ती फक्त आकडा लिहून घेई.

आम्हाला बेटावर नेत असे बार्बा श्पिरो. बार्बा म्हणजे तिकडचा काका. तो शेजारच्या बेटावरचा कोळी. शेकडो गळ लावलेली लांब दोरी समुद्रात सोडून मासे धरणे हा त्याचा पिढीजात धंदा. यागोदा चिखलाने माखून काम करी आणि तो खारवलेली मासळी पावाबरोबर खात तिची थट्टा करी.

"नुसते दागिने घालत सुटलीयेस. एवढ्या लग्नांत एकदा तरी जेवण घालायचंस."

"बार्बा, पक्षी धरा. चावतोय तो."

"चावू दे. तुझ्यापेक्षा माझी ओळख जुनी आहे त्याची."

मला ते दिवस फार आवडत. पाहुणे येत आणि मला हातात घेऊन म्हणत, "किती नेटकी कडी बसते हिची!" मी फुलून जाई.

यागोदाचा हिशेब मला ऐकून ऐकून पाठ झाला होता. शंभर मोठे पक्षी यंदा असतील, तर पुढच्या वसंतात त्यांतले किती जिवंत? जो सापडला नाही तो मेलाच, असे ती कधी म्हणत नसे. एखादा पक्षी एक वर्ष चुकवून पुढच्या वर्षी सापडला, की मधल्या वर्षी तो जिवंतच होता आणि आपणच त्याला गाठू शकलो नाही, हे उघड होई. अशा चुकवणाऱ्यांवरून ती आपली नजर किती चुकते हे काढी, आणि मग मरण किती हे वेगळे करी. किती प्रामाणिक रीत होती ती!

दहाव्या वर्षी उत्तर आले. शंभरातले चौऱ्याऐंशी. इतक्या संथ प्रजेचे दरसाल सोळा जाणते पक्षी मरत असतील, तर ती वस्ती टिकत नाही.

मित्रांनो, मला तेव्हा एक गोष्ट माहीत होती. कित्येक "नव्या" पक्ष्यांच्या पायाला मी कडी घालायला गेले, की मला तिथे कडीच्या रुंदीचा गुळगुळीत पट्टा लागे. त्या पायात कडी पूर्वी होती. आमच्या कड्या मऊ ॲल्युमिनियमच्या होत्या. कडी आणि पाय यांच्यामध्ये खारी रेती शिरे आणि कडी आतून झिजे. बाहेरचा आकडा धडधाकट दिसे, आणि एक दिवस कडी तुटून समुद्रात पडे. पक्षी जिवंत, पण वहीत मेलेला. मी त्याच पायात दुसरी कडी घालत होते आणि मला बोलता येत नव्हते.

बार्बाला बोलता येत होते. एकदा असा पक्षी हातात घेऊन तो म्हणाला, "ही नवी कुठली? या कपारीत आठ वर्षं हीच बसते."

"कडी नाही ना तिच्या पायात," यागोदा म्हणाली.

"माझ्या बायकोच्या बोटातही अंगठी नाही. मी दुसरी आणलीय म्हणून सांगू का गावात?"

यागोदा हसली. "बार्बा, ओळखीचा चेहरा वहीत लिहिता येत नाही हो."

तिने अहवाल लिहिला. मोठे पक्षी समुद्रात मरतात, बहुधा गळांना अडकून, असे त्यात होते. सरकारी कार्यालयाने बेटाभोवती गळदोरी टाकायला बंदी केली. तिथे ती टाकणारा एकटा बार्बाच होता.

तो भांडला नाही. धक्क्यावर एवढेच म्हणाला, "मी मारले असते तर मला माहीत असतं गं पोरी."

त्यानंतर त्याची होडी दोन हिवाळे उलटी पडून होती. मग ती करवतीने कापली गेली. मुलगी त्याला स्प्लिटला घेऊन गेली, चौथ्या मजल्यावर. आम्ही दुसऱ्या होडीने बेटावर जात राहिलो. दोष समुद्रात आहे असे ठरल्यामुळे पिल्ले मोजायला उन्हाळ्यात कोणी जात नव्हते.

तिसऱ्या वसंतात एका पक्ष्याची कडी यागोदाच्या हातातच तुटली. तिने ती भिंगाखाली धरली. आतली बाजू कागदासारखी झाली होती. त्या वर्षी तिने दोन्ही पायांत कड्या घातल्या. पुढच्या वर्षांत एक कडी किती जणांच्या पायातून गळली, हे मोजून तिने सारा हिशेब नव्याने मांडला. शंभरातले चौऱ्याण्णव. मोठे पक्षी फारसे मरत नव्हते. मग उन्हाळ्यात जाऊन पाहिले, तर कपारींत उंदरांच्या लेंड्या आणि पिल्लांची पिसे. ती सारी वर्षे एकही पिल्लू मोठे झाले नव्हते. म्हातारे पक्षी तेवढे दरसाल येऊन अंड्यावर बसत होते.

यागोदाने आपली चूक छापून कबूल केली. बंदी उठली. तो कागद घेऊन ती बार्बाकडे गेली, तेव्हा मी तिच्या पिशवीत होते.

तो पलंगावर होता. तिने सगळे वाचून दाखवले.

"म्हणजे समुद्र मोकळा झाला," तो म्हणाला.

"हो बार्बा. तुमच्यासाठी."

"बरं झालं." मग त्याने विचारले, "आता तिथं दोरी कोण टाकतं?"

यागोदाने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. पंधरा दिवसांनी तो गेला.

आता कड्या पोलादाच्या येतात. त्या मिटवण्याची ताकद माझ्या जबड्यात नाही, म्हणून मी खणात पडून असते. गंजाची मला तक्रार नाही.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या मोजणीत एखादा जीव दिसेनासा झाला, तर दोष कोणाच्या माथी मारण्याआधी आपले हत्यार एकदा उलटे करून आतून पाहा. आणि जो रोज त्या जिवांजवळ असतो त्याला विचारा, वहीत मावणार नसेल तरी विचारा. यागोदाला आकडा खोडून नीट लिहिता आला. होडी मात्र कापलेलीच राहिली.