शपथेवर सांगा, काल काय खाल्लं?

संस्थेत तिला सगळे मॅडम म्हणत, घरी तिचे वडील ठकू म्हणत, आणि पोटापाण्यासाठी ती लोकांच्या पोटात काय जातं ते मोजत असे. म्हणजे आहारशास्त्रातली संशोधक. गेलं वर्षभर तिच्या डोक्यात एकच विषय होता: मोठी माणसं कारखान्यातलं खाणं किती खातात. शास्त्रात त्याला ‘अतिप्रक्रियायुक्त अन्न’ म्हणतात, पण हा शब्द उच्चारेपर्यंत समोरचा माणूस दार लावून घेतो, असा अनुभव आल्यामुळे मॅडम नुसतं ‘पाकिटातलं’ म्हणायच्या.

हे मोजायची जुनी रीत म्हणजे तासभर समोर बसून माणसाला कालचा अख्खा दिवस आठवायला लावायचा. उठल्यावर काय, मग काय, त्यावर काय. माणूसही दमतो, विचारणाराही. म्हणून मॅडमनी छोटी प्रश्नावली तयार केली होती. तेवीस पदार्थ, प्रत्येकाला हो किंवा नाही. काल बिस्किटं खाल्लीत? हो. चिप्स? नाही. थंड पेय? पाकिटातल्या नूडल्स? जितके हो तितके गुण, आणि पाच मिनिटांत मोकळे. आता एवढंच सिद्ध करायचं होतं की पाच मिनिटांचं उत्तर तासाभराच्या उत्तराशी जुळतं, आणि दोन आठवड्यांनी परत विचारलं तरी फारसं बदलत नाही.

पण अडचण अशी की पाहणीतली माणसं संतमंडळी निघाली. ज्याला विचारावं तो भाजी आणि फळं खाऊन जगत होता. शहरातल्या दुकानांत चिप्सच्या पाकिटांचे डोंगर लागलेले, ते रोज रिकामे होतात आणि रोज भरतात, पण खाणारा कोणी सापडेना.

“मग ती पाकिटं उंदीर खातात का?” संस्थेतला आकडेतज्ज्ञ विचारायचा. समोर दिसेल त्या आकड्याला दुसऱ्या आकड्याने भागायची त्याला खोड होती, म्हणून त्याला भागाकार म्हणत. हे विचारताना भागाकाराच्या एका हातात क्रीमचं बिस्किट असे. मॅडमच्या हातात दुसरं.

अशात पाहणी करणाऱ्या बाईचा पाय मुरगळला आणि उरलेली एक इमारत मॅडमच्या गळ्यात पडली. पत्ता वाचून त्या चपापल्या. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे अप्पा राहायचे, आणि चिठ्ठ्या टाकून काढलेल्या घरांत अप्पांचं घरही होतं.

“वडिलांना वगळू का?” त्यांनी भागाकाराला विचारलं.

“चिठ्ठीत आलं ते आलं. आप्त म्हणून खूण करा आणि विचारा. तसेही एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ, साधं खात असतील. सरासरी बिघडायची नाही.”

मॅडमनाही तसंच वाटत होतं. आई गेल्यापासून अप्पा एकटे होते, पण माणूस शिस्तीचा. जन्मभर कोर्टात लघुलेखक म्हणून काढलेला. साक्षीदार बोलायचे आणि अप्पा उतरवून घ्यायचे. मॅडम रोज संध्याकाळी फोन करून “जेवलात का?” विचारायच्या, अप्पा “हो” म्हणायचे, दोघंही समाधानाने फोन ठेवायचे.

मॅडमनी वरून सुरुवात केली. चौथ्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायच्या, एकट्याच, साठीच्या घरातल्या, गळ्यात कायम मापाची फीत. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली, शिलाई यंत्रावरचं कापड बाजूला केलं आणि तेवीसच्या तेवीस प्रश्नांना इतक्या ठामपणे ‘नाही’ म्हटलं की शेवटी शेवटी प्रश्न पूर्ण होण्याची वाटसुद्धा पाहिली नाही. काल काय खाल्लं मग? “उकडलेली भाजी. मीठसुद्धा बेताचं.”

मग मॅडम खाली अप्पांकडे आल्या.

“प्रश्न तेच विचारायचे आहेत, अप्पा. पटकन हो-नाही सांगा, मग चहा करते.”

“शपथ घेऊ?”

“गरज नाही.”

“मी घेतो,” अप्पा म्हणाले आणि ताठ बसले. “विचार.”

“काल बिस्किटं?”

“हो.”

“चिप्स?”

“हो. मोठं पाकीट.”

“थंड पेय?”

“हो.”

“पाकिटातल्या नूडल्स?”

“हो. सकाळी.”

मॅडमचं पेन अडखळायला लागलं. आइस्क्रीम, हो. सॉसेज, हो. डब्यातलं सूप, हो, पण अर्धं, कारण ते बेचव होतं. अप्पा एकेक ‘हो’ असा सोडत होते, जणू न्यायाधीशांसमोर पुरावे मांडताहेत. बेरीज एकोणीस झाली. साऱ्या पाहणीत आतापर्यंत कोणाचे इतके गुण नव्हते. पोरगी पहिली यावी म्हणून ज्यांनी जन्मभर जिवाचं रान केलं, ते स्वतःच पहिले आले होते, आणि तेही यात.

“अप्पा, हे काय आहे?” आता ती मॅडम राहिली नव्हती, ठकू झाली होती. “रोज मला फोनवर सांगता, जेवलो!”

“जेवलो म्हणजे जेवलोच. तू ‘जेवलात का’ विचारायचीस. काय जेवलात, हे आजवर विचारलंस कधी? आज विचारलंस, आज सांगितलं.”

ठकूने कागद उलटून पुढचा, तासाभराचा लांबलचक भाग सुरू केला, कारण तोही करणं भाग होतं. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर.

“संध्याकाळी सात वाजता, टीव्हीसमोर, याच सोफ्यावर. सॉसेज आणि चिप्स. सोबत वरच्या शिंपीणबाई होत्या. त्यांनी माझ्यापेक्षा दोन सॉसेज जास्त खाल्ले. वर आइस्क्रीमचा डबा त्यांनीच आणला होता.”

ठकूचं पेन थांबलं.

“त्यांच्याकडे गेली होतीस ना आधी?” अप्पांनी डोळे बारीक केले. “काय सांगितलं त्यांनी?”

“कोणाचं उत्तर कोणाला सांगता येत नाही. नियम आहे.”

“म्हणजे खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तुझा चेहरा असा झाला नसता.”

“मी काही बोललेच नाही!”

“साक्षीदारही कुठे खरं बोलायचे? मी तोंडं वाचून ओळखायचो. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या खोट्या साक्षी उतरवून बोटं झिजली माझी. आणि आता माझ्याच सोफ्यावर बसून सॉसेज खाणारी बाई...”

मग बापलेकीचं रीतसर भांडण झालं. ठकू म्हणाली, उद्यापासून डबा पाठवते. अप्पा म्हणाले, पाठव, मी वॉचमनला देईन. ती म्हणाली, साखर तपासलीत का? ते म्हणाले, तू तुझी तपासलीस का? नाकाने कांदे सोलू नकोस. ती चहा न करताच निघाली. जिन्यात तिला रडू आलं, आणि रडताना पर्समधलं चॉकलेट कधी सोलून खाल्लं हे तिचं तिलाच कळलं नाही.

भागाकाराला एकोणीस हा आकडा अजिबात आवडला नाही. “हा एकटाच उंटासारखा मान वर काढून उभा आहे. काढून टाकू.”

“का?”

“बाकीच्यांशी जुळत नाही.”

“पण तासाभराच्या मुलाखतीशी तंतोतंत जुळतोय. बाकीचे बहुतेक पाच मिनिटांत नाही म्हणतात आणि तासाभरात कुठेतरी घसरतात; या माणसाची दोन्ही उत्तरं सारखी आहेत. खोटारड्यांच्या गर्दीत एक खरा निघाला म्हणून त्यालाच हाकलायचं?”

“वडील म्हणून बोलताय तुम्ही.”

“वडिलांशी माझं भांडण आहे,” मॅडम म्हणाल्या. “आकडा राहणार.”

पुढच्या आठवड्यात एका दुपारी संस्थेच्या दारात शिंपीणबाई उभ्या राहिल्या. गळ्यात फीत तशीच, हातात रुमालाचा बोळा.

“मला माझी जबानी फिरवायची आहे,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. “हे कोर्ट नाही हो.”

“तुझ्या वडिलांना सांग ते. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. टीव्ही एकटेच बघतात, तोही मोठ्या आवाजात, मला वर ऐकू जावा म्हणून. मी काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, तूही सांगितलं नसशील. पण त्यांनी ओळखलं.”

“पण तुम्ही खरं का नाही सांगितलंत?”

शिंपीणबाईंनी रुमाल मांडीवर पसरला, घडी घातली, परत पसरला. “तू आलीस इस्त्रीचे कपडे घालून, गळ्यात ओळखपत्र. असल्या बाईसमोर कोण कबूल करेल की काल मी जेवणाऐवजी आइस्क्रीम खाल्लं? आणि तू त्यांची मुलगी. मला वाटलं, म्हणशील, या बाईने माझ्या बापाला वाईट चट लावली.” त्या थांबल्या. “चट त्यांनीच मला लावली, हे वेगळं. पण एकट्यासाठी चूल पेटवायची म्हणजे जिवावर येतं गं. दोघं असलो की खायला बरं वाटतं. मग ते काय का असेना.”

मॅडमना हे कागदावर कुठे लिहावं कळेना, कारण त्याला रकानाच नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, “पहिलं उत्तर बदलता येत नाही. पण येत्या शनिवारी दुसरी फेरी आहे.”

“तेव्हा सांगते,” शिंपीणबाई म्हणाल्या. उठता उठता त्यांनी टेबलावरच्या बिस्किटांच्या पुड्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि सभ्यपणे काहीच न बोलता गेल्या.

शनिवारी मॅडम इमारतीत शिरल्या तर जिन्यात सभा भरलेली. पायऱ्यांवर निवडलेल्या घरांतली सगळी मंडळी बसली होती, आणि वरच्या पायरीवर अप्पा. शिंपीणबाईंनी त्यांना सगळं कबूल केलं होतं, त्यांनी माफ केलं होतं, आणि माफ करून झाल्यावर उरलेला जोर त्यांनी शेजाऱ्यांवर काढला होता. दारोदार फिरून प्रत्येकाला बजावलं होतं: माझी पोरगी मान मोडून काम करते, आणि तुम्ही तिला थापा मारता?

“अप्पा, असं सगळ्यांना एकत्र विचारता येत नाही! प्रत्येकाला त्याच्या घरी, एकेकटं...”

“विचार एकेकटं. पण त्याआधी एक. तू काल काय खाल्लंस?”

“मी पाहणीत नाही.”

“मग आम्ही तरी का असावं?” तळमजल्यावरचा व्यायामशाळेचा मास्तर म्हणाला. पहिल्या फेरीत तो केवळ उकडलेल्या अंड्यांवर जगत होता.

सगळे तिच्याकडे बघत होते. मॅडमनी प्रश्नावली उघडली आणि स्वतःलाच विचारायला सुरुवात केली. बिस्किटं, हो. चॉकलेट, हो. थंड पेय, हो, दुपारी, झोप येत होती म्हणून. पाकिटातल्या नूडल्स... आहाराचा अहवाल लिहिता लिहिता स्वयंपाकाला वेळच झाला नव्हता. हो. बेरीज चौदा. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला!

मग शिंपीणबाईंना हसू फुटलं, आणि ते पायऱ्या उतरत खालपर्यंत गेलं. मास्तर म्हणाला, “चौदा? मॅडम, मग माझं लिहा, घरी जायची काय गरज आहे? क्रीमचा केक. अख्खा. मी व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत बसून खातो.”

त्या दिवशी मॅडम नियमाप्रमाणे घरोघरीच गेल्या, पण प्रत्येक दारात आधी स्वतःचे चौदा सांगून. लोक हसायचे, बसायला सांगायचे आणि भडाभडा बोलायचे. शिंपीणबाईंचे सतरा भरले.

भागाकाराने आकडे पाहिले आणि डोकं धरलं. “पंधरा दिवसांत या इमारतीने एवढं खाल्लं? की हिला भस्म्या झाला? ही पाहणी आहे की कबुलीजबाब?”

“पहिल्या फेरीत लाज मोजली आपण,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्या फेरीत खाणं.”

भागाकाराने बिस्किट खाली ठेवलं, ही त्याच्या बाबतीत मोठी घटना. अप्पांनी पढवलेल्या इमारतीचे आकडे मुख्य हिशेबात धरता येणार नाहीत, यावर तो अडून बसला, आणि ते बरोबरच होतं. मॅडमनी मान्य केलं. पण तिथे जे घडलं ते सगळं अहवालात जसंच्या तसं लिहायचं, यावर त्या अडून बसल्या. मग नव्या वस्तीत नव्याने पाहणी झाली: निम्म्या घरांत नेहमीसारखं विचारलं, निम्म्या घरांत विचारणाऱ्याने आधी आपलं कालचं खाणं सांगितलं. ज्या घरांत आधी सांगितलं, तिथे पाच मिनिटांची उत्तरं तासाभराच्या उत्तरांशी छान जुळली. प्रश्नावली चांगलीच होती. तिला फक्त समोर बसून आधी स्वतः मान खाली घालणारा विचारणारा हवा होता.

अप्पांची साखर मात्र वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? अप्पांनी शपथेवर सांगितलं, आणि डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. थंड पेय त्यांनी त्याच दिवशी बंद केलं. चिप्सवर मात्र वाटाघाटी चालू राहिल्या.

पुढच्या रविवारी ठकू गेली तेव्हा अप्पांच्या स्वयंपाकघरातून धूर येत होता. आत अप्पा आणि शिंपीणबाई एकाच कढईवर वाकून भांडत होते. भाजी करपली ती मीठ उशिरा घातल्यामुळे की लवकर घातल्यामुळे, यावर. ठकूने सांगायला तोंड उघडलं की मिठाचा यात काही संबंध नाही, आच मोठी होती.

“तू बोलू नकोस,” अप्पा म्हणाले. “तुझे चौदा आहेत. तो चाकू घे आणि कांदे चीर.”

तिने ओळखपत्र गळ्यातून काढून दाराच्या खुंटीला अडकवलं आणि कांदे चिरायला बसली. भाजी अखेर कोणालाच धड जमली नाही. तिघांनी ती सगळी संपवली.