बू राशिदच्या बंदुकीचा पट्टा

मित्रांनो, मी शिकारीच्या बंदुकीचा एक जुना चामडी पट्टा आहे. रंग विटला असला तरी ऐट अजून शाबूत आहे!

माझा जन्म कतारमधल्या दोह्याच्या सूक वाकिफ या जुन्या बाजारात झाला. शिकारी ससाण्यांचे डोळे झाकायच्या चामडी टोप्या शिवणाऱ्या एका दुकानात रत्नागिरीच्या इब्राहीमभाईंनी मला शिवलं. एका सप्टेंबरात बू राशिद नावाचे वयस्कर कतारी गृहस्थ आपली लाडकी बंदूक घेऊन तिथे आले. शिकार त्यांनी कधीच सोडली होती. आता फक्त नेमबाजीच्या मैदानावर जात. पण आजारपणानंतर त्यांचा डावा हात थरथरू लागला होता.

"हिवाळ्याच्या स्पर्धेत हात हलला तर खलास. बंदूक कायमची कपाटात," ते मोडक्या हिंदीत म्हणाले.

दुकानात आम्ही पट्टे रांगेने टांगलेले होतो. बू राशिदांना एक जरीवाला आवडला. तसा तो नटवा सगळ्यांनाच आवडे. इब्राहीमभाई हसले. "बाबा, तो खांद्यावर मिरवायला. तुम्हाला दंड धरणारा पाहिजे."

आणि त्यांनी मला खाली काढलं! माझं एक टोक बंदुकीच्या पुढच्या कडीत अडकवलं, दुसऱ्या टोकाचा फास बू राशिदांच्या दंडावर चढवून बक्कल आवळलं. बंदूक गालाशी येताच मी ताणलो, तिचा भार दंडावर आला आणि हाताची थरथर थांबली. म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. मी तर फुगूनच गेलो.

स्पर्धा जानेवारीत होती. मैदानावर बोचरं वारं सुटलं होतं. बू राशिद लोकरीच्या अस्तराचा जाडजूड फरवा घालून आले आणि माझा फास काही त्या बाहीवर चढेना! माप घेतलं होतं एसीच्या दुकानात, पातळ झग्यावर. बक्कल शेवटच्या भोकात घातलं तरी पुरेना. फरवा काढून पाहिला, तर थंडीने त्यांचं सगळं अंगच कापू लागलं. त्यांनी बंदूक खाली ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इब्राहीमभाई बायकोला, जैतूनला घेऊन स्पर्धा बघायला आले होते. ते धावत आले. आरी आणि चामड्याची वादी त्यांच्या खिशात कायम असे, पण जोडायला चामडं कुठून आणणार? त्यांनी सरळ आपला कंबरपट्टा सोडला, त्याचा तुकडा कापला आणि मला जोडून टाकला.

"अवो, आधी पॅन्ट सांभाळा!" जैतून ओढणीत तोंड लपवून हसली.

"यल्ला, बाबा! चला!" एका हाताने पॅन्ट धरून इब्राहीमभाई ओरडले.

फास चढला. मी जीव खाऊन ताणून धरलं. गोळी अगदी मधोमध लागली नाही, पण हात हलला नाही. बू राशिदांनी इब्राहीमभाईंचं कपाळ चुंबलं, तेव्हाही त्या बिचाऱ्यांना मिठी एकाच हाताने मारावी लागली.

पुढच्या शुक्रवारी बू राशिदांनी दोघांना घरी बोलावलं. कापलेल्याच्या बदली त्यांना इब्राहीमभाईंना नवा कंबरपट्टा करवून द्यायचा होता. इब्राहीमभाई पोट आत घेऊन ताठ उभे राहिले. बू राशिदांनी हातातली टेप बाजूला ठेवली.

"आधी पोटभर जेव," ते म्हणाले, "माप नंतर."

मित्रांनो, आम्हा पट्ट्यांना अधूनमधून तेलाचं बोट लावा, उन्हात टाकू नका. आणि कुणाला आधार द्यायला जाल, तेव्हा त्याच्या थंडीच्या दिवसांचंही माप घ्या.